जुन्या गाडीचं इंजिन आवाज करतंय? गॅरेजला जाण्याआधी हे करून बघा

आमची गाडी २००७ सालची. बाबांनी नवी घेतली होती, ते थकल्यावर माझ्याकडे आली. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर इंजिनातून खडखड सुरू झाली. घराजवळच्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागेल." खर्च पन्नास हजारांच्या पुढे. घरात गाडी भंगारात द्यायची बोलणी सुरू झाली. बाबा त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत.

ओळखीतल्या कुणीतरी लालबागच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं, खाली वाकले, लांब पकडीला जाड कापड गुंडाळून सायलेन्सरच्या पाइपवरचा एक पत्रा दाबून धरला. खडखड थांबली. सोडला, सुरू. परत दाबला, बंद. उष्णता अडवणाऱ्या त्या पत्र्याचं, म्हणजे हीट शील्डचं, बोल्टाजवळचं भोक गंजून मोठं झालं होतं. एक जुबिली क्लिप, म्हणजे स्क्रूने घट्ट होणारी गोल पत्र्याची पट्टी, आवळली आणि विषय संपला.

पुढच्याच वर्षी मावसभावाचं बरोबर उलटं झालं. त्याच्या गाडीतून ठोक ठोक येत होतं, इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटवर संशय घेऊन सगळे म्हणाले, "टॅपेट असेल, चालव." दोन आठवडे चालवली आणि पुण्याला जाताना घाट लागायच्या आधीच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून इंजिन ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. नवीन बेअरिंगवर भागलं असतं तिथे अख्खं इंजिन गेलं.

तेव्हापासून मी हे नीट शिकत गेलो. मी मेकॅनिक नाही. पण गॅरेजच्या दारात उभं राहण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं ते मला आता माहीत आहे. तेच इथे क्रमाने सांगतो.

## १. आज गाडी चालवायची की नाही, हे आधी ठरवा

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" हा विचार मनात आणू नका.

- डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर पडल्याचं सांगतो. प्रेशर फारच खाली गेल्यावर तो लागतो, म्हणजे तो दिसेपर्यंत बेअरिंगला झीज सुरू झालेली असू शकते.
- हातोडीने जाड लोखंडावर मारल्यासारखा खोल ठोका, जो गरम इंजिनात वाढतो आणि रेस दिल्यावर त्याच प्रमाणात जलद होतो.
- आवाजाबरोबर टेंपरेचरचा काटा वर जाणं.
- पावसाच्या पाण्यातून गेल्यानंतर सुरू झालेला कुठलाही नवा आवाज. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

बहुतेक विमा पॉलिसींसोबत रस्त्यावरच्या मदतीची सोय घेता येते. तुमच्याकडे ती आहे का, तिचा नंबर काय, हे आजच पाहून ठेवा. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला उभं राहून पॉलिसीची पीडीएफ शोधणं फार त्रासाचं होतं.

## २. लागणारं सामान

- टॉर्च, जाड हातमोजे, जुनं सुती कापड
- मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. कानात घालायच्या नळीला पुढे लोखंडी सळई असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा. नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरही चालतो: टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर.
- हातभर लांब रबरी नळी. हवेतून येणारा फुसफुस आवाज शोधायला ही स्टेथोस्कोपपेक्षा बरी.
- फोन, आवाज रेकॉर्ड करायला
- वही आणि पेन
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. गाडी २०१० च्या आधीची असेल तर याचा फारसा उपयोग होणार नाही.
- गाडीचं मॅन्युअल आणि जुनी सर्व्हिस बिलं. कुठलं ऑइल किती किलोमीटरला घातलं, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदलला, हे इथेच सापडतं.

चालू इंजिनवर काम करताना सैल बाही, ओढणी, मोकळे केस, गळ्यातली साखळी काहीही लोंबतं नको. रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आणि बेसमेंट किंवा बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाला कळत नाही. शिवाय स्टिल्ट पार्किंगमध्ये छताला आणि खांबांना आपटून प्रत्येक आवाज दुप्पट वाटतो, त्यामुळे गाडी उघड्यावर आणलेलीच बरी.

## ३. ऑइल

खरं तर निम्मं निदान इथेच होतं, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरू द्या. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. छोट्या गाडीत एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर असतं आणि खालच्या ते वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. म्हणजे पातळी खालच्या खुणेला टेकली असेल तर जवळपास एक तृतीयांश ऑइल गायब आहे. चढावर, वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर पंपाला हवा ओढायची वेळ येते आणि टॅपेट वाजायला लागतात. जास्त झालेलं ऑइलही चांगलं नाही. इंजिनमधला फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, त्यात आपटून फेस करते आणि फेसाळ ऑइल प्रेशर धरत नाही.

आता ऑइल बोटांत चोळून पाहा. काळं असेल तर घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळंच होतं. डांबरासारखं चिकट झालं असेल तर आत गाळ साचलाय. पेट्रोलचा वास आणि पाण्यासारखं पातळ, तर पेट्रोल मिसळतंय. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे पाणी किंवा कूलंट.

सगळ्यात बोलकी खूण ऑइल बदलताना दिसते. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात ऑइल काढून घ्या आणि टब उन्हात हलकेच कलता करा. स्वच्छ ऑइल एकसारखं काळं सरकतं. बेअरिंग झिजत असेल तर त्यात बारीक चकाकी फिरताना दिसते, साडीच्या जरीची धूळ मिसळल्यासारखी. चुंबक फिरवा. चकाकी चुंबकाला चिकटली तर ते लोखंड. चिकटत नसेल आणि झाक पितळी-तांबूस असेल तर बेअरिंगचा मऊ थर झिजतोय. मावसभावाने असा टब पाहिला असता तर त्याचं इंजिन वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

मुंबईच्या गाडीला आणखी एक गोष्ट लागू आहे. सायन ते बीकेसी तासभर रांगत गेलेली गाडी मीटरवर फार थोडे किलोमीटर दाखवते, पण इंजिन तेवढा पूर्ण तास चाललेलं असतं. "दहा हजारला बदला" असं मॅन्युअलमध्ये असलं तरी बहुतेक मॅन्युअलमध्येच खडतर वापरासाठी कमी अंतर दिलेलं असतं. आपला वापर त्याच सदरात येतो.

चेंबर खालून पाहून घ्या. स्पीड ब्रेकरवर किंवा खड्ड्यात आपटून चेंबरला पोचा पडला असेल तर आतली ऑइल ओढणारी जाळी पत्र्याला टेकते. डिपस्टिक वरपर्यंत भरलेली दिसते, तरी पंप उपाशी राहतो.

## ४. आवाज इंजिनचाच आहे ना?

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू करा आणि हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीत आवाज येतच नसेल आणि फक्त खड्ड्यांतून जाताना खडखडत असेल तर तो बहुतेक सस्पेन्शनचा: लिंक रॉड, बुश, नाहीतर शॉकअबचं माउंटिंग. पावसाळ्यानंतर मुंबईत "इंजिन वाजतंय" म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचं दुखणं हेच असतं.

उभ्या गाडीत आवाज येत असेल तर:

- क्लच पूर्ण दाबा. आवाज बंद झाला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग. दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीझ बेअरिंग.
- एसी चालू-बंद करा. एसीबरोबर घरघर येते-जाते तर कंप्रेसर किंवा त्याची पुली. एसी लावल्यावर अख्खी गाडी थरथरत असेल तर इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती रबरी माउंटिंग, पाहा. गिअर टाकताना एकच धप्प आवाज, हेही बऱ्याचदा फाउंडेशनच.
- थंड इंजिनात बाहेरचा बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवून पाहता येतं. आवाज गेला तर अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनर यांपैकी एक. हे मेकॅनिककडूनच करवून घ्या आणि अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, कारण अनेक गाड्यांत वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. टायमिंग बेल्टला मात्र हात लावायचा नाही.

## ५. आवाज कधी येतो, ते लिहून काढा

हा माझा मुख्य मुद्दा आहे. आवाज कसा आहे ते सांगताना प्रत्येकाचे शब्द वेगळे. मी ज्याला खडखड म्हणतो त्याला तुम्ही कटकट म्हणाल आणि मिस्त्री टकटक म्हणेल. पण आवाज कधी येतो यावर वाद होऊ शकत नाही. तीन-चार दिवस वहीत नोंद ठेवा:

- रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना येतो का? किती सेकंद टिकतो?
- इंजिन गरम झाल्यावर कमी होतो की वाढतो?
- चढावर, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना येतो की सोडताना?
- ठराविक आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) येतो का?
- सीएनजी असेल तर पेट्रोलवर आणि गॅसवर फरक पडतो का?
- पेट्रोल भरल्यावर, ऑइल बदलल्यावर किंवा पाण्यातून गेल्यावर सुरू झाला का?

सोबत रेकॉर्डिंग करा. फोन प्रत्येक वेळी एकाच जागी ठेवा. रेकॉर्डिंगच्या आलेखात टाचणीच्या टोकासारखी शिखरं दिसतात, एका सेकंदात ती किती ते मोजा. ९०० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५ फेऱ्या मारते आणि व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट तिच्या निम्म्या, म्हणजे साडेसात. सेकंदाला सात-आठ ठोके पडत असतील तर संशय वरच्या बाजूला, टॅपेट आणि कॅमकडे. पंधरा पडत असतील तर संशय खाली, क्रँककडे. पिस्टनचा आवाजही कधी कधी निम्म्या वेगाचाच असतो, म्हणून एवढ्यावरून निकाल लावू नका, पण दिशा मिळते.

## ६. आवाजाची जागा शोधा

स्टेथोस्कोपची सळई आधी एखाद्या निरोगी जागी टेकवा, म्हणजे नेहमीचा आवाज कानात बसेल. मग टॅपेट कव्हरवर एकेका सिलिंडरच्या वर, टायमिंग कव्हरवर, अल्टरनेटरच्या अंगावर, ब्लॉकच्या बाजूला, शेवटी चेंबरजवळ. फिरणाऱ्या पुलीपासून आणि पंख्यापासून सळई लांब ठेवा. आवाज लोखंडातून प्रवास करतो, त्यामुळे सगळीकडे थोडा थोडा येणारच. जिथे तो सगळ्यात टोकदार लागतो ती जागा महत्त्वाची.

## ७. नेहमी भेटणारे आवाज

टॅपेट. शिलाई मशिनसारखी हलकी टिकटिक, वरून, निम्म्या वेगाने. ऑइल बरोबर असूनही येत असेल तर टॅपेट सेटिंग करून घ्या. मारुती ८०० सारख्या स्क्रूच्या टॅपेटला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून अर्ध्या दिवसात काम होतं. ऑइलच्या दाबाने स्वतःच जुळणारे हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंग नसतंच, तिथे ऑइल आणि गाळ पाहावा लागतो. सीएनजीवर चालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका जास्त झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि फट कमी होते. मग टॅपेट शांत होतात पण व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि जळतो. त्यामुळे गॅसच्या गाडीचे टॅपेट वाजत नसले तरी फट ठराविक अंतराने मोजून घ्यावी.

टॅपेट समजून ज्यांच्यामागे लोक वेळ घालवतात असे तीन आवाज आहेत. पेट्रोल इंजेक्टरची बारीक टिकटिक, ती नैसर्गिक. सीएनजी किटच्या इंजेक्टर रेलची जरा मोठी कटकट, पेट्रोलवर गाडी घेतली की ती बंद पडते. आणि इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं फुटलेलं पॅकिंग, ज्याचा आवाज थंड इंजिनात हुबेहूब टॅपेटसारखा येतो आणि धातू तापून फुगल्यावर कमी होतो. त्या जागी काजळीचा काळा पट्टा दिसतो, रबरी नळी जवळ नेली की फुसफुस स्पष्ट ऐकू येते.

टायमिंग चेन. सकाळी स्टार्ट करताच एक-दोन सेकंद सायकलची साखळी पत्र्याला घासल्यासारखी खरखर. चेन घट्ट धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, रात्रीत त्यातलं ऑइल उतरतं. ऑइल फिल्टर स्वस्तातला असेल आणि त्यात ऑइल परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह धड नसेल तर हा आवाज आणखी वाढतो. आधी चांगला फिल्टर बदलून पाहा. खरखर चार-पाच सेकंदांवर गेली किंवा गरम इंजिनातही येऊ लागली तर थांबू नका, चेन एक दात जरी घसरली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. स्विफ्टच्या १.२ लिटर पेट्रोल आणि १.३ लिटर डिझेल या दोन्ही इंजिनांत चेन आहे, मारुती ८०० आणि सँट्रोमध्ये बेल्ट. बेल्ट सहसा आवाज न करताच तुटतो, म्हणून तो आवाजाची वाट न पाहता मॅन्युअलच्या हिशेबाने बदलायचा.

पिंगिंग. डब्यात गोट्या हलवल्यासारखा, फक्त ओझं आल्यावर. केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोडला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नेली की नेमका येतो, दुसऱ्यात टाकली की जातो. काच खाली करून डिव्हायडरच्या भिंतीलगत चालवलं तर परतून येणारा आवाज जास्त स्पष्ट लागतो. सिलिंडरमध्ये इंधन वेळेआधी किंवा ठिणगीशिवाय भडकतं, त्याचा हा धक्का. कारणं: थांबत-थांबत चालवण्याने साचलेला कार्बन, तापलेलं इंजिन, चुकीचा प्लग, ठिणगीचं पुढे सरकलेलं टायमिंग, भेसळीचं किंवा कमी ऑक्टेनचं (म्हणजे वेळेआधी सहज भडकणारं) पेट्रोल. टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. आवाज गेला तर निदान झालं. सीएनजीची गाडी असेल तर परीक्षा याहून सोपी आहे: गॅसचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे पेट्रोलवर येणारा आणि गॅसवर गायब होणारा आवाज हा पिंगिंगच. दोन्हीवर सारखाच येत असेल तर काहीतरी झिजलं आहे. स्कॅनरवर पी ०३२५ हा कोड आला तर पिंगिंग ओळखणाऱ्या नॉक सेन्सरच्या वायरिंगपासून तपासायला सुरुवात करा.

पिस्टन स्लॅप. थंड इंजिनात पोकळ डब-डब, पाच-दहा मिनिटांत जातो. झिजलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन इकडून तिकडे आपटतो. ऑइल पीत नसेल, धूर नसेल, तर अशी गाडी अनेक वर्षं चालते. एवढ्यासाठी इंजिन उघडू देऊ नका.

कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. हाच तो मावसभावाचा आवाज. खोल, ठाम, खालून. थंड असताना जाड ऑइलमुळे दबलेला, गरम झाल्यावर उघडा. २००० ते २५०० आरपीएमवर स्थिर धरून अ‍ॅक्सिलरेटर पटकन सोडला की सगळ्यात स्पष्ट. पक्कं करायची पद्धत: मेकॅनिक एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढतो. ज्या सिलिंडरला काढल्यावर ठोका दबतो, दुखणं त्याच्यात. चालू इंजिनात प्लगची वायर हाताने ओढायची जुनी रीत करू देऊ नका, शॉकही बसतो आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. डिझेलच्या कॉमन रेल गाडीत तर इंजेक्टरचा पाइप चालू इंजिनात सैल करणं जीवघेणं आहे. आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, बारीक फवारासुद्धा कातडीतून आत शिरतो.

पण त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. क्रँकच्या पुढच्या पुलीचं रबर सुटलं असेल, फ्लायव्हीलचा बोल्ट सैल असेल किंवा ऑटोमॅटिकमध्ये फ्लेक्स प्लेटला तडा गेला असेल तर आवाज अगदी बेअरिंगसारखाच येतो. या तिन्ही गोष्टी इंजिन न उघडता पाहता येतात.

मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला धरून ठेवणारं. आवाजापेक्षा पायाखाली धमक जास्त जाणवते, ओझ्याखाली. क्लच दाबल्यावर बदलत असेल तर क्रँकची पुढे-मागे होणारी ढिलाई मोजायला सांगा.

पत्रे. हीट शील्ड, सायलेन्सरचे हँगर, कन्व्हर्टरच्या आतली फुटलेली जाळी. ठराविक आरपीएमलाच झणझण. गाडी पूर्ण थंड असताना सायलेन्सरवर मुठीने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोका, लगेच उत्तर मिळतं. ही तपासणी मी आता सगळ्यात आधी करतो.

## ८. पावसाचं पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तो दिवस कुणी विसरलेलं नाही. पण इंजिन जायला तेवढा पाऊस लागत नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट, इथलं गुडघाभर पाणी पुरतं. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. मग वाकतो कनेक्टिंग रॉड.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून ओला आहे का पाहा. ओला असेल तर प्लग काढून इंजिन फिरवल्याशिवाय ती सुरू करू देऊ नका. रॉड थोडासाच वाकला असेल तर गाडी सुरू होते, चालतेही, आणि काही दिवसांनी ठोका येतो. त्या सिलिंडरचं कंप्रेशन (आतली हवा दाबल्यावर येणारा दाब) इतरांपेक्षा कमी येतं, कारण पिस्टन पूर्ण वर पोचत नाही. साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुधा नाकारलं जातं, इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

## ९. गॅरेजमध्ये काय सांगायचं, काय मागायचं

"बेअरिंग गेलंय का बघा" असं म्हणू नका. जो शब्द तुम्ही द्याल त्याच दिशेने तपासणी जाते. वहीतली नोंद वाचून दाखवा: "सकाळी दोन सेकंद खरखर, मग दिवसभर काही नाही." चांगला मिस्त्री यावर लगेच पुढचे प्रश्न विचारतो. इंजिन गरम असताना आवाज कळत नसेल तर गाडी आदल्या रात्री तिथेच सोडा, सकाळी पहिला स्टार्ट त्यालाच मारू द्या.

इंजिन उघडायची परवानगी देण्याआधी या क्रमाने मागा:

- गेज लावून ऑइल प्रेशर, इंजिन गरम असताना, आयडलिंगला आणि रेसवर. आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा.
- प्रत्येक सिलिंडरचं कंप्रेशन. आकडे कागदावर घ्या.
- संशय खालचा असेल तर फक्त चेंबर उतरवून रॉडच्या बेअरिंगची एक टोपी उघडून दाखवणं. बऱ्याच गाड्यांत यासाठी इंजिन खाली काढावं लागत नाही. चांगल्या बेअरिंगचा पृष्ठभाग एकसारखा राखाडी असतो. खराब झालेल्यावर नखाला लागतील असे चरे असतात आणि राखाडीखालून तांबं डोकावतं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, फोटो काढा.

दोन सापळे वारंवार भेटतात. पहिला, जाड ऑइल. ५डब्ल्यू-३० या पातळ ऑइलच्या गाडीत २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल घातलं की ठोका काही आठवडे दबतो. झीज तशीच चालू राहते आणि चेन टेन्शनरला, हायड्रॉलिक टॅपेटला सकाळी ऑइल उशिरा पोचतं. आवाज घालवणाऱ्या बाटल्यांचंही तेच. दुसरा सापळा जुनी गाडी विकत घेताना. तुम्ही पोचायच्या आधी विकणाऱ्याने इंजिन तापवून ठेवलेलं असतं, त्यामुळे थंड इंजिनाचे सगळे आवाज लपतात. फोनवरच सांगा की गाडी मी आल्यावरच सुरू करायची, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून पाहा.

काढलेले जुने पार्ट परत मागा. बिलावर पार्टची नावं वेगळी आणि मजुरी वेगळी लिहून घ्या.

## १०. मोठा खर्च करण्याआधी कागद काढा

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर आरटीओत फॉर्म २५ भरून, गाडीची तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. इंजिनवर हजारो रुपये घालायच्या आधी आरसीवरची तारीख, विमा, पीयूसी आणि गाडीचा खालचा पत्रा पाहा. तळ गंजून गेलेल्या गाडीत नवं बेअरिंग घालण्यापेक्षा त्या पैशात दुसरी गाडी पाहिलेली बरी. इंजिन ब्लॉकच बदलायचा असेल तर इंजिन नंबर बदलतो आणि त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. सेकंडहँड इंजिन घेताना मूळ गाडीचे कागद न देणाऱ्याकडून ते घेऊच नका.

## ११. दुरुस्तीनंतर

बेअरिंग किंवा पिस्टनच्या रिंग बदलल्या असतील तर पहिले काही दिवस ओझं घालून, सतत एकाच वेगाने चालवू नका आणि पहिलं ऑइल लवकर बदला. मेकॅनिक किती किलोमीटर सांगतो ते बिलावरच लिहून घ्या. हेही ऑइल पांढऱ्या टबात काढा आणि उन्हात धरून पाहा. मग पहिल्यासारखंच, सकाळचा पहिला स्टार्ट, गाडी त्याच जागी, फोन त्याच ठिकाणी ठेवून एक रेकॉर्डिंग करा आणि जुन्याच्या शेजारी तारीख घालून ठेवा. मी आमच्या गाडीचं असं रेकॉर्डिंग दर तीन महिन्यांनी करतो. बाबा शेजारी उभे राहून ऐकतात आणि गेल्या वेळेपेक्षा काही वेगळं असेल तर माझ्याआधी त्यांना कळतं.